वाकळीच्या कोपऱ्यात नाव

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वैशाखात आमच्या वाडीतून आंब्याचा टेम्पो वाशीला निघाला, तेव्हा मागच्या फळीजवळच्या पाच-सहा पेट्या उघड्या राहत होत्या. ताडपत्री पुरत नव्हती आणि आभाळ भरून आलं होतं. ड्रायव्हरने पायरीशी येऊन विचारलं, "मावशी, झाकूक जुनापाना काय आसा काय?" मी पडवीतल्या वलणीवरची वाकळ ओढली आणि त्याच्या हातात दिली. दोन दिवसांनी टेम्पो परत आला, वाकळ आली नाही. मार्केटात पेट्या उतरवताना ती कुठे पडली, कोणी नेली, काहीच कळलं नाही. "फाटलेलीच होती मा?" असं तो म्हणाला आणि त्याचं काही चुकलं नाही. फाटलेली होतीच. पण ती माझ्या आजीने शिवली होती, आणि तिच्या मधोमध लाल दोऱ्याने काढलेली एक आगबोट होती. हे मला ठाऊक होतं, तरी मी ती दिली. चूक माझी आहे. म्हणूनच हे पत्र लिहायला घेतलं.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, जुलैत, एक बातमी वाचली. फ्रान्समधल्या बायू गावी जपलेलं, साडेनऊशे वर्षांच्या आसपासचं एक भरतकामाचं कापड २०२६च्या सप्टेंबरपासून पुढच्या जुलैपर्यंत लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवायला देणार आहेत. माझी नात मुंबईला वस्त्रकला शिकते. ती गणपतीला आली तेव्हा तिने मला फोनवर ते कापड तुकड्यातुकड्याने दाखवलं. मी अठ्ठावीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं आहे. चित्र बघण्याआधी माझी नजर टाक्यांवर गेली.

कापड लिननचं, म्हणजे जवसाच्या झाडापासून काढतात त्या धाग्याचं. त्यावर रंगीत लोकर. लांबी सुमारे सत्तर मीटर, रुंदी जेमतेम अर्धा मीटर. आकृतीच्या कडा तिरप्या टाक्याने काढायच्या, आतल्या जागेत लोकरीचे धागे एकाशेजारी एक अंथरायचे, त्यांच्यावरून आडवे धागे टाकायचे आणि ते बारीक टाक्यांनी जागोजाग बांधायचे. लोकर मागच्या बाजूला फार वाया जात नाही. हे ज्याने कोणी ठरवलं, त्याच्या घरात लोकर मोजून वापरत असणार.

कापडाचे नऊ तुकडे जोडलेले आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या तुकड्याच्या जोडावर किनारीच्या रेषा जुळलेल्या नाहीत, एक वर गेली आहे, एक खाली. पुढचे जोड मात्र असे सफाईदार की शोधावे लागतात. मला त्या पहिल्या जोडाने फार जवळचं वाटलं. दोन गटांनी वेगवेगळे तुकडे भरले, जोडायला बसल्यावर घोटाळा लक्षात आला, आणि पुढच्या वेळी आधी जोडून मग किनार भरायची हे ठरलं. कुठल्याही शिवणवर्गात पहिल्या महिन्यात हेच होतं.

कापडावर गोष्ट आहे १०६६ सालची. नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून इंग्लंडवर चालून गेला आणि हेस्टिंग्जच्या लढाईत हॅरल्ड राजा मारला गेला, ती. पण मला लढाईपेक्षा तिच्या आधीचा भाग आवडला. माणसं झाडं तोडतात, फळ्या तासतात, होड्या दोराने पाण्यात ओढतात, चिलखतं काठीवर अडकवून दोघं दोघं उचलून नेतात, होडीत घोडे चढवतात. एके ठिकाणी आकाशात शेपटीचा तारा आहे आणि खाली माणसं बोट करून तो एकमेकांना दाखवत आहेत. तो हॅलेचा धूमकेतू. त्याच्या पुढेच राजा हॅरल्ड बसला आहे आणि खालच्या किनारीत नुसत्या रेघांनी काढलेल्या रिकाम्या होड्या आहेत, जणू त्याच्या मनात आलेल्या. सुईने एवढं सांगता येतं, हे मी जन्मभर मुलींना सांगत आले. पण माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

इंग्रजीत या कापडाला टॅपेस्ट्री म्हणतात, पण खरी टॅपेस्ट्री मागावर विणतात. चित्र कापडावर येत नाही, कापड विणतानाच चित्र होतं. आपल्याकडे त्या रीतीचं काम बघायचं तर पैठणीचा पदर बघावा. मोराचा निळा जिथे संपतो तिथून निळ्याचा धागा परत फिरतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. म्हणून हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर मागून बघितला तरी पुढच्यासारखाच दिसतो. बायूचं कापड तसं नाही, ते भरतकाम आहे. त्याला मागची बाजू आहे. मागचं अस्तर १९८२-८३ला काही काळ काढलं होतं, तेव्हा मागचे रंग पुढच्यापेक्षा ताजे निघाले. नात म्हणाली, "आजी, मागून बघितलं की ते कालच भरल्यासारखं वाटतं."

मग तिने मला पुढची हकिकत वाचून दाखवली. १७९२ साली, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, लष्करी गाडीवरचं सामान झाकायला हे कापड बाहेर काढलं होतं. गावातल्या एका वकिलाने धावपळ करून ते सोडवलं.

मी तिला म्हटलं, आता जरा थांब.

अँजे नावाच्या दुसऱ्या गावात चौदाव्या शतकात विणलेला एक प्रचंड पडदा आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथातलं प्रकटीकरण, जगाच्या अंताची दृश्यं, त्यावर विणली आहेत. त्याचेही क्रांतीनंतर तुकडे केले. थंडीत संत्र्याची झाडं झाकायला ते वापरले, तबेल्यात घोड्यांसाठी वापरले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एका धर्मगुरूने तुकडे गोळा करून परत जोडले, म्हणून आज शंभरेक मीटर शिल्लक आहे. त्यांनी संत्र्याच्या झाडांवर टाकलं, मी हापूसच्या पेट्यांवर. मात्र त्यांच्यात कोणीतरी वेळेवर धावलं होतं.

आता कोणी म्हणेल, कुठे राजाचा इतिहास आणि कुठे तुमची वाकळ. म्हणून वाकळीत काय असतं ते जरा सविस्तर सांगते. आपल्या वाचकांच्या घरोघरी वाकळी आहेत, पण त्या वाचायची सवय मोडली आहे.

शिमगा झाला की आजी वाकळ काढायची. आधी वर्षभर साठवलेलं गाठोडं सुटायचं. खळं सारवलेलं असायचं, वर माटवाची सावली. एक जुनेर लुगडं खाली अंथरायचं, त्याची चारी टोकं पाट्याने नाहीतर नारळाने दाबायची. त्यावर आतले तुकडे: फाटक्या पंच्यांचे, धोतराचे, परकराचे, दुपट्यांचे. एकही तुकडा दुसऱ्यावर चढता कामा नये आणि मध्ये फटही राहता कामा नये. मग वरून दुसरं लुगडं. दुपारी जेवणं आटोपली की शेजारच्या काकी, वयनी, कोणाची माहेरी आलेली लेक, अशा चौघी चार बाजूंना बसायच्या आणि धावदोरा घालत घालत आत सरकायच्या. दोन ओळींत एका बोटाचं अंतर. कोणता टाका कोणाचा ते आजीला न बघता कळायचं, नुसता हात फिरवून. आखूड टाका तिचा स्वतःचा. लांब लांब टाके शेजारच्या काकींचे, त्यांना घरी म्हशीची धार काढायची घाई असायची. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आजी आत तांदळाचे चार दाणे सोडायची. वाकळीचं पोट रिकामं ठेवायचं नाही, असं म्हणायची.

आणि शिवताना सांगायची. "हो तुज्या आज्याचो सदरो, गिरणीतलो. ह्यां माज्या आवशीचां लुगडां, माका लग्नात दिलेलां." आम्ही मुलं त्या वाकळीवर आडवी पडायचो आणि तुकड्यांवर बोट ठेवून विचारायचो, हा कोणाचा, हा कोणाचा. तिला सगळे पाठ होते. मेलेलेही, मुंबईला गेलेलेही. आमच्या घराण्याची वंशावळ कुठल्या वहीत नव्हती, ती रात्री आमच्या अंगावर होती.

आगबोटीचं असं. आजोबा मुंबईच्या गिरणीत. तेव्हा बोटीने येणं-जाणं. बोट किनाऱ्याला लागत नसे, लांब खोल पाण्यात उभी राही आणि माणसं पडावातून येत. आजी पोरं घेऊन वाळूवर उभी राही. पडावात आजोबा आहेत की नाहीत ते त्यांच्या छत्रीवरून ओळखायची, असं आई सांगे. वाकळीवरच्या आगबोटीला दोन रेघांचा धूर होता, खाली तीन लाटा होत्या आणि बोटीच्या टोकाला छत्री घेतलेलं एक माणूस होतं, नखाएवढं. आमच्या घरात कोणीच भरतकाम करत नसे, आजीनेही आयुष्यात एवढंच केलं. घरात असंही म्हणत की ती वाकळ १९४७च्या पावसात शिवली. त्या वर्षी १७ जुलैला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या गावचं त्या बोटीवर कोणी नव्हतं. पण ज्यांच्या घरचं माणूस बोटीने यायचं, अशा सगळ्या किनाऱ्याने तो पाऊस कसा काढला असेल ते मी सांगायला नको. आजीने वर्षानुवर्षं येणारी-जाणारी बोट काढली, की आजोबा बोटीतून सुखरूप उतरावेत म्हणून काढली, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता वाकळही नाही.

आईची एक वाकळ मात्र माझ्याकडे आहे. तिच्यात गिरण्यांचा संप आहे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. माझे काका त्या वर्षी परळच्या चाळीतून गावी आले आणि परत गेले नाहीत. काका गिरणीत असेपर्यंत घरात गिरणीचं सुती तुकड्याचं कापड यायचं, कामगारांना ते स्वस्तात मिळे. आमचे परकर, झंपर, उशांचे अभ्रे, सगळं त्यातलं. आईच्या वाकळीत खालचे थर त्या कापडाचे आहेत. मऊ, धुऊन धुऊन दुधाच्या सायीसारखे झालेले. काकांची खाकी अर्धी चड्डी आहे, तिच्यावर ऑइलचा डाग आहे, तो चाळीस वर्षांत गेला नाही. आणि त्यानंतरचे तुकडे एकदम बदलतात: टेरिकॉट, नायलॉनची पातळं, पॉलिएस्टर. पॉलिएस्टरमध्ये सुई सहज जात नाही, म्हणून तिथून आईचा टाका लांब झाला आहे. कोणाला संपाचा इतिहास लिहायचा असेल तर कागदपत्रं पुष्कळ मिळतील. पण पगार थांबलेल्या घरात कापड यायचं कधी थांबलं, हे त्या वाकळीत हाताला लागतं.

नातीने मला अमेरिकेतल्या एका गावाविषयी सांगितलं, ते ऐकून मला आमच्या खाडीपलीकडच्या वाड्या आठवल्या. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात वसलेलं जीज बेंड हे गाव. तीन बाजूंना पाणी. तिथले लोक कृष्णवर्णीय, गुलामगिरीत कापसाच्या शेतांवर राबलेल्यांचे वंशज. १९६०च्या दशकात ते मतदार यादीत नाव नोंदवायला तालुक्याच्या गावी जाऊ लागले, तेव्हा १९६२ला त्यांची तर, म्हणजे नदी पार करायची होडीच, बंद केली. ती परत सुरू झाली २००६ला. तरीवाचून चव्वेचाळीस वर्षं म्हणजे काय, हे खाडीकाठच्या माणसाला समजावून सांगायला नको. या गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. त्यांतली एक मिसूरी पेटवे या बाईने १९४२ साली शिवली. नवरा गेल्यावर त्याचे शेतात कामाला घालायचे कपडे उसवले आणि त्यांचीच गोधडी केली, त्याची आठवण राहावी आणि पांघरायला व्हावी म्हणून. निळ्या विजारी गुडघ्याशी फिक्या पडलेल्या, खिशाच्या जागी गडद चौकोन राहिलेले. २००२ साली या गावच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या. २००६ला अमेरिकेच्या टपालखात्याने त्यांची तिकिटं काढली. गोधडी तशीच, तीच गरज, तोच धावदोरा. फरक इतकाच की तिथे प्रत्येक गोधडीखाली शिवणारीचं नाव आहे आणि ते कपडे कोणाचे होते हेही लिहिलेलं आहे.

आपल्या किनाऱ्याची गोष्ट कापडावर आलीच नाही असं मात्र नाही. आली आहे, पण दुसऱ्यांनी आणली. पोर्तुगीजांचा जुआंव द कास्त्रो १५३८-३९ला गोव्याहून दीवला समुद्रमार्गाने गेला आणि वाटेतली बंदरं, खाड्या, खडक यांचं तपशीलवार टिपण करून ठेवलं. हा आपलाच किनारा. पुढे तो गोव्याचा गव्हर्नर झाला, दीवचा वेढा त्याने मोडला आणि १५४७ला रोमन विजेत्यासारखी मिरवणूक काढून गोव्यात शिरला. त्याच्या पराक्रमाचे दहा भव्य पडदे ब्रुसेल्समध्ये विणले गेले. ते आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत. नातीने त्यातले दोन-तीन दाखवले. लोकर, रेशीम, जरीचे धागे. नजर ठरत नाही असं काम, आणि कारागिरांच्या हातांना मी नमस्कारच करते. पण ज्याच्याकडे जरीचे पैसे होते त्याची गोष्ट विणली गेली. डिसेंबर १५०८च्या शेवटी पोर्तुगीजांच्याच अल्मेदाच्या आरमाराने दाभोळ लुटलं आणि जाळलं. दाभोळच्या बायकांनी त्या दिवशी काय पाहिलं, हे कुठल्या कापडावर आहे? बायूच्या त्या सत्तर मीटरमध्ये शेकडो पुरुष आहेत आणि मधल्या मुख्य पट्टीत बायका अवघ्या तीन. त्यांतली एक, पेटवून दिलेल्या घरातून मुलाचा हात धरून बाहेर पडते आहे. तिचं नाव तिथे लिहिलेलं नाही. पण ती आहे तरी. कोण्या भरणारणीने तिला तिथे बसवलं. दाभोळला तेवढंही राहिलं नाही.

आपल्याच जिल्ह्यात चित्रांतून गोष्ट सांगण्याची केवढी मोठी परंपरा आहे, हे पिंगुळीला गेलं की कळतं. तिथल्या ठाकर समाजाचे चित्रकथी एकेका आख्यानाची चित्रं पोथीत ठेवतात, दोन कागद पाठीला पाठ चिकटवलेले. देवळात बसून एकेक चित्र उभं धरतात आणि रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगतात. सावंतवाडी संस्थानाने त्यांना आश्रय दिला होता, देवळं नेमून दिली होती. परशुराम गंगावणे यांनी गुढीपूरला संग्रहालय उभं केलं, २०२१ला त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा सगळ्यांना आपल्या घरात कोणाला मिळाल्यासारखं वाटलं. चित्रकथी वाचली ती मोठ्या कष्टाने वाचली. तिला निदान पोथी होती, देऊळ होतं, पिढीजात सांगणारा होता. वाकळीला यातलं काहीच नाही. ती अंगावर घ्यायची, लघवीने भिजायची, व्हाळावर दगडाला आपटून धुवायची आणि विरली की गुरांच्या गोठ्यात, नाहीतर पायपुसणं. तिची गोष्ट सांगणारी बाई गेली की ती नुसती चिंध्यांची घडी उरते. माझ्या आजीच्या वाकळीचं तेच झालं होतं. टेम्पोत जायच्या आधीच अर्धी गेली होती, कारण तुकड्यांची नावं सांगणारं घरात कोणी राहिलं नव्हतं.

मला पुष्कळजण सांगतात, अहो वापरायची वस्तू ती, जपायची काय? आणि माणूस गेल्यावर त्याचं अंथरूण-पांघरूण ठेवत नाहीत, ही आपली रीत. रीत मला मान्य आहे, मी स्वतः पाळते. सगळ्या वाकळी कपाटात घालून ठेवा असं मी म्हणतच नाही. पांघरल्याशिवाय वाकळीला अर्थ नाही. पण टाकण्याआधी तिचा उजेडात एक फोटो काढा, वीतभर कोपरा कापून ठेवा आणि घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याला शेजारी बसवून तुकडे विचारा. अर्धा तास लागतो. मी आमच्या वाडीतल्या नव्वदीच्या एका आजींकडे बसले होते. त्यांना आता लेकी ओळखू येत नाहीत. पण वाकळीवर हात ठेवल्यावर म्हणाल्या, "ह्या परकराचा कापड मालवणच्या जत्रेतला," आणि जत्रेला कोणाबरोबर गेल्या होत्या, वाटेत कुठे जेवल्या, परत येताना कोणाची चप्पल तुटली, सगळं सांगितलं.

आणखी एक गोष्ट मनाला लागली आहे, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. इकडच्या किनाऱ्यावर पर्यटन वाढलं आहे, चांगलंच आहे. एका रिसॉर्टमध्ये भाचीच्या लग्नाला गेले होते. तिथे पलंगाच्या पायथ्याशी जुन्या वाकळी घडी करून ठेवलेल्या, उशांना वाकळीचे कापलेले अभ्रे. मी विचारलं, या कुठून आणल्या? गावागावांतून गोळा केल्या म्हणाले. कोणाच्या? ते माहीत नाही. उशीवर एका आकृतीचं अर्धंच अंग आलं होतं, तुळशीवृंदावन असावं, दुसरी बाजू दुसऱ्या खोलीतल्या उशीवर गेली असेल. बचतगटाच्या बायका आता नव्या गोधड्या शिवून विकतात, त्याचा मला आनंद आहे. चार पैसे थेट बाईच्या हातात येतात. पण त्या गोधडीवर लेबल असतं दुकानाचं. शिवणारीचं कुठेच नाही.

नावाचा हा मुद्दा मला नातीने सांगितलेल्या आणखी एका हकिकतीवरून सुचला. बायूचं कापड कोणी भरलं, त्या बायकांपैकी एकीचंही नाव आज कोणाला ठाऊक नाही. बहुतेक अभ्यासक म्हणतात की त्या इंग्लंडमधल्या होत्या, म्हणजे हरलेल्या बाजूच्या. आठशे वर्षांनी, १८८५-८६ला, इंग्लंडमधल्या लीक या गावातल्या पस्तीसेक बायकांनी एलिझाबेथ वॉर्डल या बाईंच्या पुढाकाराने त्या अख्ख्या कापडाची पूर्ण आकाराची प्रत भरली. आता ती रेडिंगच्या संग्रहालयात आहे. त्यांनी मूळ कापडात नसलेली एक गोष्ट केली. प्रत्येकीने आपण भरलेल्या भागाखाली आपलं नाव टाक्याने लिहिलं.

मी हे ऐकलं त्याच रात्री आईची वाकळ काढली, तिच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आईचं नाव घातलं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. खाली गावाचं नाव आणि १९८३. दृष्टी आता पहिल्यासारखी नाही, तीन संध्याकाळी लागल्या.

तर संपादक महोदय, माझी विनंती दोन प्रकारची आहे. वाचक भगिनींना अशी, की घरातल्या प्रत्येक वाकळीच्या कोपऱ्यात शिवणारीचं नाव, गाव आणि साल टाक्याने घाला. साल नक्की माहीत नसेल तर "थोरल्याच्या बारशाला", "मोठ्या वादळाच्या वर्षी", असं घाला, तेही चालेल. बचतगटांनी विक्रीच्या गोधडीवर दुकानाच्या लेबलाशेजारी शिवणारीचं नाव घालण्याचा हट्ट धरावा. घेणाऱ्याने त्यापायी किंमत पाडली तर त्याला माल देऊ नये.

आणि आपल्याला अशी, की रविवारच्या पुरवणीत हातभर नव्हे, चार बोटं जागा द्यावी. एका रविवारी एक वाकळ. फोटो, कोणी शिवली, कुठल्या गावची, आणि तिच्यातल्या निदान तीन तुकड्यांची हकिकत. बाणकोटपासून रेडीपर्यंत वाकळ नसलेलं घर शोधून सापडायचं नाही, तेव्हा मजकुराची टंचाई पडणार नाही. आलेले फोटो आणि मजकूर आपल्याकडे नीट ठेवून पुढे एखाद्या ग्रंथालयाकडे द्यावेत. मजकूर लिहिता येत नसेल अशांकडे जाऊन लिहून आणायचं काम मी आमच्या तालुक्यापुरतं करीन. एस.टी.ने फिरायची मला सवय आहे.

सुरुवात म्हणून आईच्या वाकळीचा फोटो या पत्रासोबत पाठवते आहे. काकांची खाकी चड्डी उजवीकडे खाली आहे, डागासकट. मध्ये हिरवं चौकड्याचं आहे ते माझ्या शाळेच्या पहिल्या परकराचं. त्याच्या शेजारचं पांढरं, माझ्या धाकट्या भावाच्या दुपट्याचं. तो दीड वर्षाचा असताना गेला. वरच्या डाव्या बाजूला मात्र एक जांभळा तुकडा आहे, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा. त्याच्या काठावर गिरणीचा शिक्का आहे, त्यातलं शेवटचं "मिल्स" एवढंच वाचता येतं. आमच्या घरात जांभळं कोणी नेसत नसे. हे कापड कोणाचं, आईने ते कुठून आणलं, हे सांगणारं आता कोणी नाही. असं जांभळं ठिपक्याचं पातळ साठ-सत्तरच्या सालात कोणाच्या आईचं, मावशीचं, शेजारणीचं होतं का? आठवत असेल तर कृपया आपल्या पत्त्यावर कळवावं, मी दर सोमवारी कार्यालयात चौकशी करीन.

आपली,
एक निवृत्त शिवणशिक्षिका
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग